रिमांडच्या त्या चार मिनिटांविषयी: तालुका न्यायालयांतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय न्यायदंडाधिकारी महोदय, महोदया,

गेली वीस वर्षं मी तालुका न्यायालयांत फौजदारी कामं चालवते. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर असल्यामुळे ज्यांच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत त्यांची वकीलपत्रं माझ्याकडे येतात, आणि त्यांत फासेपारधी बायका पुष्कळ असतात. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. गृहखात्याला, पोलीस अधीक्षकांना, निरनिराळ्या आयोगांना याआधी अनेकांनी लिहिलं आहे, मीही लिहिलं आहे. या वेळी आपल्याला लिहिते, कारण अटकेनंतर चोवीस तासांच्या आत या बाईला ज्यांच्यासमोर उभं करतात, ते पोलीस नसलेले पहिले अधिकारी आपण असता. पुढचे कित्येक महिने तिचं काय होणार, हे बहुतेक वेळा तिथल्या चार मिनिटांत ठरून जातं.

एक प्रकरण सांगते. तालुका आणि नाव सांगत नाही. ती बाई आता कुठेतरी शांतपणे जगते आहे आणि तिला पुन्हा कोणाच्या तोंडी यायचं नाही.

आठवडी बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडवरच्या गर्दीत एका बाईचं गंठण गेलं. तिला मी पुढे साक्षीच्या वेळी पाहिलं. अडीच तोळ्यांसाठी तिनं काय काय मोडलं होतं ते सांगताना तिचा गळा दाटून आला होता, आणि ते दुःख अगदी खरं होतं. फिर्यादीत चोराचं वर्णन मात्र एवढंच होतं: 'एक अनोळखी महिला'. स्टँडच्या मागे गायरानावर पारध्यांची सहा-सात पालं होती. संध्याकाळी पोलिसांची गाडी तिथे गेली आणि तीन बायकांना घेऊन आली. एकीच्या कडेवर दीड वर्षाचं पोर होतं. ती माझी पक्षकार.

अटक दाखवली दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर तसं अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, हे आपल्याला मी सांगायला नको. म्हणून कागदावर सकाळ. मग संध्याकाळपासून सकाळपर्यंत ती कुठे होती? कागदावर ती रात्रच नव्हती. आणि कोर्टात तिच्याबद्दल कोणी विचारलंही नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या कामात होते, माझी नेमणूक नंतर झाली. पण खरं सांगायचं तर हजर असते तरी मी तेव्हा विचारलं असतं की नाही, याची मला खात्री नाही. आम्ही वकीलसुद्धा त्या सकाळच्या सात वाजण्याला सरावलो आहोत.

रिमांड रिपोर्टात, म्हणजे कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अर्जात, नेहमीच्या ओळी होत्या. मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदार निष्पन्न करायचे आहेत, आरोपी फिरस्ती जमातीची असून फरार होण्याची शक्यता आहे. साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" ती "नाय" म्हणाली. तिला घेऊन आलेली पोलीस शिपाई तिच्या मागे दोन हातांवर उभी होती. तीन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) झाला, नंतर एमसीआर (न्यायालयीन कोठडी). पुढे जामीन मंजूर झाला: पंधरा हजारांचा, एका स्थानिक ऐपतदार जामीनदारासह. म्हणजे कागदोपत्री ती सुटली. प्रत्यक्षात ती आणि ते पोर अकरा आठवडे जिल्हा कारागृहाच्या महिला बराकीत राहिलं, कारण त्या तालुक्यात सातबारा घेऊन तिच्यासाठी उभं राहणारं एकही माणूस नव्हतं. शेवटी रोख जामिनाचा अर्ज केला, नवऱ्यानं शेळ्या विकल्या, पैसे भरले. तीन वर्षांनी खटला उभा राहिला. फिर्यादी बाईनं तिला ओळखलं नाही, जप्ती काहीच नव्हती, ती निर्दोष सुटली.

या प्रकरणात कोणी क्रूर वागलं असं मला म्हणायचं नाही. पोलिसांवर तपासाचा दबाव होता, न्यायाधीशांच्या बोर्डावर त्या दिवशी ढीगभर कामं होती, जामिनाचा आदेश तर कायद्याला धरूनच होता. म्हणूनच ते मला जास्त छळतं. सगळं नियमानं झालं आणि एका निर्दोष बाईचे अकरा आठवडे गेले.

त्या रिपोर्टातली एक ओळ आपण पुन्हा वाचावी अशी माझी विनंती आहे: 'आरोपी फिरस्ती जमातीची असून'. या ओळीला मोठा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो, जात म्हणजे धंदा, मग गुन्हा हाही काहींचा जातिधंदाच असणार, अशी त्यामागची समजूत होती. पुढे हा कायदा इतर प्रांतांत पसरला, १९२४ मध्ये तो एकत्र करून नव्यानं लिहिला गेला. पारधी, कैकाडी, बेरड, टकारी, भामटा अशा कितीतरी जमातींच्या माणसांची पोलीस ठाण्यात नोंद झाली. त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायचं तर पास लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. त्या भागाला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. तोवर देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती.

कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडे १९५९ चा. त्यात जातीचं नाव नाही. ते नाव तपास अधिकाऱ्याच्या सवयीत राहिलं. गुन्हा घडला की आधी जवळच्या पारधी वस्तीवर जायचं, ही सवय एका पिढीनं दुसरीला दिली आहे. वर्तमानपत्रं त्यात भर घालतात. 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' या बातमीत कोयता, कटावणी, दोरी आणि मिरची पूड इतक्या नेमानं एकत्र सापडतात की मला बातमी न वाचताही पंचनामा सांगता येतो. टोळीतले लोक इतर जातींचे असतील तर त्यांची नावं छापून येतात; पारधी असतील तर आधी जमात येते, मग नावं.

ही सवय कुठपर्यंत नेते, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे आणि ते आपण वाचलेलं असेल. २००३ साली नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला. भयंकर गुन्हा होता. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना त्यात फाशीची शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांची फाशी कायम केली, त्यांतल्या तिघांची तर उच्च न्यायालयानं कमी केलेली शिक्षा पुन्हा वाढवून. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीनं पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या चौघांवर खटलाच भरला गेला नव्हता. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. सोळा वर्षं! मी या निकालाकडे फौजदारी वकील म्हणून पाहते, पण त्याहून जास्त त्या सहा घरांतल्या बायकांच्या बाजूनं पाहते. फाशीच्या कैद्याची बायको म्हणून सोळा वर्षं त्यांनी पालं कुठे ठोकली असतील, मुलांना कोणत्या शाळेत घातलं असेल, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नसते.

आता बायकांविषयी. पारधी स्त्री पोलिसांच्या कागदावर दोन प्रकारे येते. एक, स्वतः आरोपी म्हणून. दुसरा प्रकार कागदावर येतच नाही: नवरा किंवा दीर हवा असतो, तो सापडत नाही, म्हणून तिला 'बसवून ठेवतात'. साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यायचा, तिला ठाण्यात बोलवायचं नाही, असं कायदा म्हणतो. पण तिचं राहतं घर म्हणजे गायरानावरचं पाल, ते कोणत्याही उताऱ्यावर नाही. मग तिला घरच नाही असं धरलं जातं. तिच्या अंगावर सोन्याचा मणी किंवा हातात मोबाइल सापडला आणि पावती नसली, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ तयार असतं. मला विचाराल तर, माझ्या स्वतःच्या कानातल्या कुड्यांची पावती माझ्याकडेही नाही.

आपल्यासमोर ती येते तेव्हा तिला मराठीत प्रश्न विचारला जातो. तरुण मुली मराठी चांगलं बोलतात, बाजारात वावरतात. वयस्कर बायकांची बोली गुजरातीच्या जवळची, कोर्टातलं मराठी त्यांना निम्मं समजतं. 'जामीनपात्र', 'जातमुचलका', 'आपणास दोषारोप मान्य आहे काय' हे मराठी तर मराठी शेतकऱ्यालाही समजत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि उशिरात उशिरा रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी द्यायची. हा निकाल वरळीतल्या एका गाजलेल्या अपघाताच्या खटल्यातून आला. तिथल्या आरोपीकडे हा मुद्दा दिल्लीपर्यंत न्यायला वकील होते. त्या लढाईचं फळ गायरानावरच्या बाईपर्यंत पोचवणं आता आपल्या हातात आहे. तिला कागद वाचता येत नसेल तर तो तिला कोणी आणि कोणत्या भाषेत वाचून दाखवला, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' हा प्रश्न कुठून आला, हे अलीकडे कनिष्ठ वकिलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. त्याचं एक मूळ आपल्या मुंबईतच आहे. शीला बारसे या पत्रकार १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात गेल्या आणि पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं, निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून बायकांशी बोलायला सांगितलं, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निर्देश दिले. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस. चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. अटक झाली की विधी साहाय्य समितीला लगेच कळवायचं, नातेवाइकाला कळवायचं. आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी हजर केलेल्या व्यक्तीला छळ किंवा मारहाण झाली का ते विचारायचं, वैद्यकीय तपासणीचा तिला हक्क आहे हे सांगायचं.

म्हणजे आपण रोज विचारता तो प्रश्न तुरुंगात बसून पंधरा बायकांचं ऐकून घेतल्यानंतर लिहिलेल्या एका पत्रातून इथवर आला आहे. तो आज इतका झिजला आहे की शिपाईसुद्धा तो आपल्याऐवजी म्हणून टाकतो. माझी मागणी साधी आहे. तिला आणणाऱ्या पोलिसांना दाराबाहेर उभं करा. मग विचारा. आणि 'काही तक्रार' असं विचारू नका. काल संध्याकाळी कुठे होतीस, रात्री कुठे झोपलीस, सोबत बाई पोलीस होती का, पोरानं काय खाल्लं, असं विचारा. पारधी बाईला 'तक्रार' हा शब्द परका आहे. तिच्या अनुभवात तक्रार दुसरे करतात, तिच्यावर. रात्री कुठे झोपलीस हे मात्र ती सांगेल.

पत्राची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक आठवण. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाब द्यायला ती तिथे गेली होती. कायद्याच्या पुस्तकांत ती मथुरा या नावानं आहे. सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, तिला पूर्वी शरीरसंबंधांची सवय होती म्हणून. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. ठाण्यात असहाय होऊन गप्प बसणं आणि राजीखुशी यांतला फरक त्या न्यायमूर्तींना दिसला. सर्वोच्च न्यायालयाला तो दिसला नाही. अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती होती, असं म्हणून १९७८ मध्ये दोघेही सुटले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच धरून चालायचं.

हे मी विद्यार्थी असताना परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता मला त्या प्रकरणातलं वेगळंच दिसतं. ती मुलगी आदिवासी होती, अनाथ होती, मजूर होती, आणि रात्री पोलीस ठाण्यात होती. सत्र न्यायाधीशांनी आणि सर्वोच्च न्यायालयानं तिच्याकडे पाहताना या चार गोष्टी बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या एका 'साधारण स्त्री'ला प्रश्न विचारले: ओरडली का नाहीस, झटापट का केली नाहीस. माझ्या पक्षकारालाही असाच एक साधारण माणूस समजून पंधरा हजारांचा स्थानिक जामीनदार मागितला गेला.

जामिनाकडे येते, कारण या पत्राचा मूळ मुद्दा तोच आहे.

जामीनदाराला आपण सातबारा मागता, किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. शिवाय आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि तो शक्यतो त्याच तालुक्यातला हवा. ज्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहू दिलं नाही, जिला पासशिवाय हलू दिलं नाही आणि नंतर कोणत्याही गावानं गावठाणात जागा दिली नाही, तिच्याकडे आपण जमिनीचा कागद मागतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. पण जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९५० मध्ये या बाईच्या आज्याचं नाव शाळेच्या रजिस्टरात नव्हतं, तलाठ्याच्या वहीत नव्हतं. असलंच तर पोलीस ठाण्याच्या हजेरीच्या वहीत होतं.

म्हणून कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरतात. हे आपल्यालाही माहीत आहे, मलाही. त्यांना द्यायचे पैसे सावकाराकडून उचलले जातात, आणि ते फेडताना त्या घरातलं कोणी पुन्हा कसल्यातरी धंद्यात ओढलं जातं. ज्या अटीनं गुन्हा थांबावा, तीच गुन्ह्याकडे ढकलते.

यावर कायद्यात उत्तर नाही असं अजिबात नाही. १९७८ मध्येच मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याच्या प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगून ठेवलं आहे. त्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार मानायला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं हे दोन्ही चूक ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हमीवर, त्याला सोडलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं पुन्हा निर्देश दिले: जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेलनं पाठवायचा, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयानं आपणहून अट शिथिल करायचा विचार करायचा, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, असंही म्हटलं. गरीब कैद्यांना जामिनाची रक्कम भरता यावी म्हणून २०२३ पासून केंद्र सरकारची एक योजना आहे, तिच्या सुरुवातीच्या नियमांत कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत होती. माझ्या पक्षकाराला लागत होते पंधरा.

माझ्या अनुभवात या तरतुदी माहीत नसतात असं नाही. त्या वापरायच्या कोणी, हे ठरलेलं नसतं. तुरुंगाला वाटतं कोर्ट बघेल, कोर्टाला वाटतं वकील अर्ज करेल, आणि वकिलाकडे, म्हणजे माझ्याकडे, त्या दिवशी आणखी नऊ कामं असतात. त्या अकरा आठवड्यांतले चार तरी माझ्या खात्यावर आहेत. हे मी लाजेनं लिहिते.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यानं एक नवी अडचण आणली आहे, तीही सांगते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला एक तृतीयांश शिक्षेइतका काळ काढल्यावर सोडायला सांगितलं आहे. चांगली तरतूद आहे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात म्हटलं आहे की एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आता पारधी वस्तीवर काय घडतं ते पाहा. एका माणसाला किंवा बाईला पकडलं की तालुक्यातले, शेजारच्या तालुक्यातले उघडकीला न आलेले गुन्हे तिच्या नावावर 'उघड' होतात. एका अटकेत चार गुन्हे निकाली. त्यांतलं एकही पुढे शाबीत होवो न होवो, कलम ४७९ चं दार मात्र तिच्यासाठी तेव्हाच बंद झालेलं असतं. उपकलम दोन आपण बदलू शकत नाही. पण तिला दुसऱ्या, तिसऱ्या गुन्ह्यात वर्ग करून घेण्याचा, म्हणजे त्यातही अटक दाखवण्याचा, अर्ज समोर आला की त्या गुन्ह्याशी हिला जोडणारा पुरावा कोणता, तेवढं विचारू शकता. चोरीसारख्या सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक मुळात गरजेची होती का, हे तपासून कारणं नोंदवल्याशिवाय कोठडी द्यायची नाही, हे तर अर्णेश कुमार निकालानं २०१४ मध्येच आपल्यावर बंधनकारक केलं आहे. स्त्री आहे, एवढ्या एका कारणावरूनही जामीन देण्याची मोकळीक कायद्यानं गंभीर गुन्ह्यांतसुद्धा ठेवली आहे. आपल्यासमोरची बाई तर बहुतेक वेळा साध्या चोरीच्या आरोपात असते.

३ ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचीही आठवण करून देते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तो आला. तुरुंगात जातीनुसार कामं वाटणारे, विमुक्त जमातींना, म्हणजे १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्यांना, जन्मानं सराईत समजणारे नियम त्यात रद्द झाले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी असंही सांगितलं. तुरुंगातला तो रकाना काढायचा आदेश झाला, पण रिमांड रिपोर्टात 'फिरस्ती जमात' अजून येते आहे. माझी दुसरी ठाम मागणी ही: हे शब्द ज्या रिपोर्टात असतील तो परत करा. फरार होण्याची भीती असेल तर तिचं त्या व्यक्तीपुरतं कारण लिहून आणायला सांगा. दहा रिपोर्ट परत गेले की अकराव्यात ती ओळ नसेल. पोलीस ठाण्यातला लेखनिक कोणत्याही परिपत्रकापेक्षा परत आलेल्या कागदातून लवकर शिकतो.

देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांत शंभरातले ७५ हून अधिक कच्चे कैदी. पंधराशेवर बायका आपल्या लहान मुलांसह आत होत्या आणि ती मुलं सतराशेहून जास्त होती. या आकडेवारीत अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग असे रकाने आहेत. विमुक्तांचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे पारधी बायका किती, हे कोणाला सांगता येत नाही. आपल्या स्वतःच्या न्यायालयातून गेल्या वर्षभरात किती विमुक्त बायका कोठडीत गेल्या आणि त्यांतल्या किती जामीन मिळूनही महिन्याभरात सुटल्या नाहीत, हे मात्र आपला लिपिक एका दुपारीत काढून देऊ शकतो. ते काढायला सांगा, ही तिसरी विनंती.

एक गोष्ट टाळून पुढे गेले तर अप्रामाणिकपणा होईल. या बाईवर अन्याय फक्त पोलिसांकडून होतो असं नाही. तिच्या जातपंचायतीतही न्याय करणारे पुरुषच असतात. कोठडीत रात्र काढून आलेल्या एका बाईनं मला सांगितलं होतं की तिला घरात घ्यायला नवऱ्याकडच्यांनी दंड मागितला, कारण ती तिथे 'शुद्ध' राहिली असेल याची खात्री कोण देणार. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आपल्या राज्यात आहे, पण ती तक्रार कुठे करणार? ज्या ठाण्यात ती रात्र गेली, त्याच ठाण्यात. त्या एका रात्रीची किंमत ती दोन्हीकडे भरते. तिला रात्री कुठे होतीस असं विचारा, असं मी आपल्याला इतक्या आग्रहानं का सांगते, त्याचं खरं कारण हे आहे. तिनं भर कोर्टात उत्तर दिलं आणि ते नोंदवलं गेलं, तर तिच्याकडे घरी दाखवायलाही काहीतरी असतं.

मुलांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण ते लिहिताना माझा तोल जातो. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानं पाळणाघर, आहार, लस, तपासणी सगळं लावून दिलं आहे आणि भेटीला गेले तेव्हा तिथल्या कर्मचारी बायका त्या पोराला कडेवर घेऊन हिंडवताना मी पाहिल्या आहेत. तरी अकरा आठवड्यांनी बाहेर आल्यावर ते पोर कुत्र्याला पाहून किंचाळलं. त्याआधी ते पालात कुत्र्यांबरोबरच वाढलेलं होतं. कोठडी देताना त्या चार मिनिटांत आपण दोघांना आत पाठवत असता आणि आदेशात नाव एकीचंच असतं. कडेवर मूल आहे, त्याचं वय अमुक, एवढी ओळ आदेशात लिहायला सुरुवात करा.

येत्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे कोर्टात असेन. माझ्या नेमणुकीचा कागद मिळायची वाट न पाहता रिमांडच्या वेळी उभी राहीन, आणि अटकेच्या आदल्या संध्याकाळपासूनचे तास कुठे गेले, ते विचारीन. आपण मला थांबवू नये, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
विधी सेवा पॅनेलवरची एक वकील

ता. क.: खटला सुटल्यावर रोख जामिनाची रक्कम परत मिळते. माझ्या पक्षकाराची अजून मिळालेली नाही. परताव्याच्या अर्जाला तिच्या नावाचं बँकेचं पासबुक लागतं, बँकेला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. नवऱ्याच्या किंवा वकिलाच्या खात्यावर ती रक्कम देता येत नाही असं कार्यालयातून सांगतात. शेळ्या सात होत्या. पंधरा हजार रुपये परत कसे द्यायचे याची काही तरतूद आपल्या न्यायालयात होत असेल, तर ती मला कळवावी. मी तिला निरोप देईन.